लॉस्ट इन स्पेस: कृष्णधवल सावल्यांपासून बोलत्या गाजरापर्यंत

शुक्रोदय (धागाकर्ता):

'लॉस्ट इन स्पेस' ही अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९६५ ते १९६८ या काळात चाललेली विज्ञानमालिका मी लहानपणी तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती, आणि तेही बहुतेक शेवटच्या पर्वातले रंगीत भाग. पुठ्ठ्याचे खडक, रबरी राक्षस, हात हलवत धोक्याचा इशारा देणारा यंत्रमानव आणि प्रत्येक संकटात किंचाळत त्याच्या पाठीमागे दडणारा डॉ. स्मिथ, एवढेच मला आठवत होते. गेल्या चार महिन्यांत मी या मालिकेचे सर्व ८३ भाग पहिल्यापासून क्रमाने पाहिले. पहिल्या काही भागांनीच मला चकित केले, कारण ही मालिका माझ्या आठवणीतली नव्हतीच.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. साल १९९७. पृथ्वीवर माणसांची दाटी झाली आहे आणि अल्फा सेंटॉरी या ताऱ्याच्या परिसरात वस्ती करण्यासाठी प्राध्यापक जॉन रॉबिन्सन, त्यांची पत्नी मॉरीन, ज्युडी, पेनी आणि विल ही तीन मुले व वैमानिक मेजर डॉन वेस्ट 'ज्युपिटर २' या बशीसारख्या यानातून निघतात. डॉ. झॅकरी स्मिथ हा घातपाती माणूस, उड्डाणानंतर आठ तासांनी यान नष्ट करावे अशी आज्ञा यानातल्या यंत्रमानवाला देऊन ठेवतो, पण स्वतःच आत अडकतो. त्याच्या जास्तीच्या वजनामुळे यान मार्गावरून ढळते, उल्कांच्या माऱ्यात सापडते आणि सगळेच भरकटतात.

हे २९ भागांचे पहिले पर्व संपूर्ण कृष्णधवल आहे. त्यात रात्री खऱ्या अंधाऱ्या वाटतात, आईवडील खरोखर घाबरतात आणि स्मिथ खुनशी आहे. त्याच्याबरोबर एखादे मूल एकटे असले की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. दुसऱ्या पर्वापासून सगळे रंगीत होते, स्मिथ विदूषक बनतो, आणि तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस तर एक माणसाएवढे गाजर न्यायनिवाडा करू लागते.

माझा प्रश्न असा आहे की, या बदलाकडे आपण कसे पाहता? चांगली मालिका वाया गेली असे म्हणायचे, की ती जशी झाली तशी झाली म्हणूनच आज साठ वर्षांनंतरही तिच्याविषयी बोलावेसे वाटते? मी पाहून संपवली तरी माझे मत ठरत नाही, आणि या काळातल्या मालिकांचा अभ्यास असलेले काही सदस्य येथे आहेत म्हणून विचारतो आहे. आणखी एक व्यावहारिक प्रश्न आहे. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला ही मालिका दाखवायची असेल, तर सुरुवात कुठून करावी?

*

जुनीफीत:

उत्तम धागा. मला वाटते, 'गंभीर मालिका नंतर हास्यास्पद झाली' हे वर्णन अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे तिच्या जन्मकथेत सापडते.

निर्माते आयर्विन ॲलन यांनी प्रथम जो नमुना-भाग चित्रित केला, त्यात ना डॉ. स्मिथ होता ना यंत्रमानव. ती सरळसरळ 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीची अंतराळी आवृत्ती होती: बेटाऐवजी ग्रह, जहाजाऐवजी यान. तो भाग त्या वेळी प्रक्षेपित झाला नाही, पण त्यातला खर्चिक भाग, म्हणजे एकाक्ष महाकाय प्राणी, गोठलेला समुद्र, काचेच्या भिंतींचे 'चॅरियट' हे पट्ट्यांवर चालणारे वाहन, हा सगळा मालमसाला कापून पहिल्या पाच भागांत वाटून टाकण्यात आला. आपल्याला पहिले भाग इतके भव्य वाटले यामागचे एक साधे कारण हे आहे. एका भागाचा पैसा पाच भागांत दिसत होता. ती शिल्लक संपल्यावर मालिकेला आठवड्याच्या खर्चात भागवावे लागले आणि ॲलन यांच्याच दुसऱ्या मालिकांमधले राक्षसांचे पोशाख रंग बदलून, शेपटी काढून किंवा लावून या ग्रहावर हजर होऊ लागले. त्या काळच्या मालिका लागोपाठ पाहिल्या की असे परिचित चेहरे वारंवार भेटतात.

नमुना-भागात नाट्य कमी पडते आहे, कुटुंबाच्या आत एखादा विरोधक हवा, या विचारातून स्मिथ आला. ही भूमिका करणारे जोनाथन हॅरिस सर्वांत शेवटी नेमले गेले, त्यामुळे श्रेयनामावलीत त्यांचे नाव 'विशेष पाहुणे कलाकार' म्हणून येते आणि एकही भाग न चुकता तसेच येत राहते. इथे त्यांच्या व्यावसायिक जाणिवेचा भाग येतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. घातपात करणारा, मुलांच्या जिवावर उठलेला खलनायक अशा कुटुंबात फार काळ जिवंत ठेवता येणार नाही, काही भागांनंतर त्याला मारावेच लागेल, हे हॅरिस यांनी ओळखले. म्हणून त्यांनी स्वतःच हळूहळू आपले संवाद बदलायला सुरुवात केली. खुनशीपणाच्या जागी भित्रेपणा, लोभ, बढाई, आणि यंत्रमानवाला उद्देशून त्या अनुप्रासयुक्त शिव्यांची माळ. ॲलन यांनी ते पाहिले आणि चालू दिले. म्हणजे बदलाची सुरुवात पहिल्याच पर्वात, अंधाऱ्या सावल्यांच्या आतच झाली होती. आपण सलग पाहिले असल्यामुळे पहिल्या पर्वाच्या मध्यावर स्मिथचा आवाज कसा चढत जातो हे आपल्या लक्षात आले असेलच.

दुसरे कारण बाहेरून आले. १९६६च्या जानेवारीत एबीसी वाहिनीने 'बॅटमॅन' सुरू केली, आणि तीही बुधवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे नेमक्या 'लॉस्ट इन स्पेस'च्याच वेळेला. 'बॅटमॅन'चे भडक रंग आणि मुद्दाम गंभीर चेहऱ्याने केलेला अतिरेक लोकांना विलक्षण आवडला. त्याच सप्टेंबरात 'लॉस्ट इन स्पेस' रंगीत झाली आणि समोरच्या स्पर्धकाच्या वाटेने चालू लागली. कपडे केशरी-जांभळे झाले आणि दर आठवड्याला ग्रहावर समुद्री चाचे, जादूगार, सर्कसवाले असे कोणी ना कोणी उतरू लागले. हा निर्णय व्यापाराचा होता, पण तो व्यवहारात उतरवणारी माणसे आपले काम मनापासून करत होती. 'पडझड' हा शब्द मी वापरणार नाही तो याच कारणासाठी.

*

कळसूत्र:

'जुनीफीत' यांच्या प्रतिसादाला पुढे नेतो. अशा मालिकांबद्दल बोलताना आपण बहुधा पुठ्ठा आणि रबर यांवर थांबतो आणि त्या पुठ्ठ्यामागे काम करणाऱ्या माणसांकडे आपले लक्ष जात नाही. मी यंत्रमानवाबद्दल सांगतो, कारण माझ्या मते मालिकेचे हृदय तिथे आहे.

त्याचा आराखडा रॉबर्ट किनोशिता यांचा. १९५६च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटातल्या 'रॉबी' या यंत्रमानवाच्या घडणीतही त्यांचा हात होता, आणि पहिल्या पर्वातल्या 'वॉर ऑफ द रोबोट्स' या भागात हे दोघे भाऊ समोरासमोर उभे राहतात. पोशाखाच्या आत बॉब मे नावाचे अभिनेते असत आणि पडद्यावर ऐकू येणारा खर्जातला आवाज डिक टफेल्ड यांचा. आता बारकाईने पाहा. यंत्रमानव बोलतो तेव्हा छातीवरचा दिवा शब्दागणिक लुकलुकतो. टफेल्ड यांचा आवाज नंतर भरला जाई. चित्रीकरणाच्या वेळी मे आतून सगळे संवाद स्वतः म्हणत आणि म्हणता म्हणता हाताशी असलेली कळ दाबून तो दिवा लावत. म्हणजे त्या लुकलुकण्यात एका माणसाच्या उच्चारांचा ठेका आहे आणि त्यावर दुसऱ्या माणसाचा आवाज बसवला आहे. त्या पेटीला चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी ती रुसते, लाजते, विलवर माया करते हे आपल्याला पटते, त्याचे रहस्य या दुहेरी अभिनयात आहे.

पोशाख इतका अवजड होता की पायांसह पूर्ण रूपात तो फारसा हलू शकत नसे, बहुधा दोरीने ओढला जाई. म्हणून गुडघ्यांखालचा भाग काढून टाकलेली एक दुसरी रचना होती. यंत्रमानव झपाट्याने वळतो किंवा खडबडीत जमिनीवरून चालतो असे दृश्य आले की चौकट नेहमी त्याच्या कमरेच्या आसपास कापलेली असते, कारण खाली मे यांचे स्वतःचे पाय आहेत. हे कळल्यावर मी ते भाग पुन्हा पाहिले, आणि माझी मजा कमी न होता उलट दुप्पट झाली. छायाचित्रकाराने प्रत्येक वेळी चौकट कशी सांभाळली आहे ते पाहत राहावे असे आहे.

आता गाजराबद्दल, कारण त्याचा उल्लेख नेहमी तुच्छतेने होतो. 'द ग्रेट व्हेजिटेबल रिबेलियन' हा भाग २८ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे शेवटच्या भागाच्या एक आठवडा आधी, प्रक्षेपित झाला. यंत्रमानवाच्या वाढदिवसासाठी फुले आणायला स्मिथ एका वनस्पतींच्या ग्रहावर जातो आणि तिथला सत्ताधीश टायबो, म्हणजे नखशिखान्त गाजराच्या पोशाखातले स्टॅन्ली ॲडम्स, त्याच्यावर फुले तोडण्याचा गुन्हा ठेवतो. फूल खुडणे ही तिथे हत्या आहे. पुढे स्मिथ स्वतःच सेलरीच्या जुडीत रूपांतरित होऊ लागतो. जॉन आणि मॉरीन झालेले गाय विल्यम्स आणि जून लॉकहार्ट यांना या चित्रीकरणात हसू आवरेना आणि त्यापायी काही भागांतून त्यांना वगळण्यात आले, असे लॉकहार्ट यांनी नंतर सांगितले आहे. हे खरेच हसण्यासारखे होते. पण ॲडम्स यांच्याकडे पाहा: ते एकदाही प्रेक्षकाकडे डोळा मिचकावत नाहीत. झाडांच्या वेदनेबद्दल ते इतक्या कळवळ्याने बोलतात की पोशाख क्षणभर विसरायला होतो. ज्याला 'कॅम्प' म्हणतात त्या मुद्दाम भडक, अतिरेकी शैलीचा प्राण माझ्या मते हाच आहे. परिस्थिती कितीही अशक्य असो, तिच्यात उभा असलेला माणूस पूर्ण निष्ठेने उभा असला पाहिजे. नटाने स्वतःच कामाची टर उडवली की प्रेक्षकाला प्रेम करायला जागाच उरत नाही.

*

ओवी:

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण या बदलाची किंमत कोणी चुकवली याचा विचार त्यांत आला नाही, म्हणून लिहिते.

दुसऱ्याच भागात जॉन रॉबिन्सन यानाबाहेर दोर तुटून तरंगत असतात तेव्हा त्यांना वाचवायला अंतराळपोशाख चढवून मॉरीन बाहेर पडते. ती जीवरसायनशास्त्रज्ञ आहे, डॉक्टरेट मिळवलेली आहे, आणि त्या प्रसंगात दिग्दर्शक तिला घाबरट दाखवत नाही. १९६५ साली संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकेत हे दृश्य आले याचे मोल मोठे आहे. आणि मग तीच मॉरीन आपल्याला कपडे धुण्याच्या यंत्राजवळ दिसते, ज्यातून घडी केलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच बाहेर पडतात. भविष्यातल्या यंत्राची ती कल्पना मला लहानपणी फार आवडली होती. मात्र पुढची दोन पर्वे ही विदुषी जवळजवळ त्या यंत्रापाशीच ठेवली गेली.

पहिल्या पर्वात पेनीला स्वतःच्या कथा आहेत, आणि अँजेला कार्टराइट यांनी त्या फार सुंदर केल्या आहेत. 'माय फ्रेंड, मिस्टर नोबडी' या भागात तिला एका गुहेत एक आवाज भेटतो. घरच्यांना वाटते की एकटे पडलेले मूल काल्पनिक सोबती बनवून खेळते आहे, आणि ते आपापल्या कामात तिचे म्हणणे अर्धवट ऐकतात. गुहेच्या तोंडाशी बसून ती त्या अदृश्य जिवाला बोलायला शिकवते, तो प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकते. त्यात ना राक्षस आहे ना स्फोट, फक्त पाण्याचा थरथरता उजेड आणि एका मुलीचा चेहरा आहे. पुढे हिऱ्यांच्या लोभाने स्मिथ तिथे सुरुंग लावायला लावतो, पेनीला इजा होते, आणि तो सौम्य आवाज विध्वंसक शक्ती बनून साऱ्यांवर तुटून पडतो. रागाचे कारण प्रेम आहे, हे मुलांनाही कळेल इतके स्वच्छ मांडले आहे. 'द मॅजिक मिरर' या भागातही तीच खोली आहे. आरशाच्या पलीकडे कधीच मोठा न होणारा एक मुलगा राहतो आणि पेनीला ठरवायचे असते की आपण मोठे व्हायचे की नाही.

रंगीत पर्वांत विल, स्मिथ आणि यंत्रमानव हे त्रिकूट पडद्याचा ताबा घेते आणि पेनी, ज्युडी, मॉरीन, इतकेच काय जॉनसुद्धा सुरुवातीला नाश्त्याच्या टेबलाशी आणि शेवटी सुटकेच्या वेळी दिसतात. मला खंत याची आहे. मालिका विनोदी झाली म्हणून मला वाईट वाटत नाही. सात माणसांची मालिका अडीच माणसांची झाली याचे वाटते.

दहा वर्षांच्या मुलीला दाखवायचे असेल, तर कृपया 'मिस्टर नोबडी'पासून सुरू करा.

*

शुक्रोदय (धागाकर्ता):

'ओवी' यांचा मुद्दा मला अगदी पटला, आणि थोडे अपराधीही वाटले, कारण माझ्या मूळ प्रश्नात मी मॉरीन-पेनीचा विचार केलाच नव्हता. 'कळसूत्र' यांच्या सांगण्यावरून काल दोन भाग पुन्हा पाहिले. छातीवरच्या दिव्याचा ठेका आता डोळ्यांना दिसू लागला आहे.

एक उपप्रश्न आहे. तिसऱ्या पर्वात गंभीरपणे पाहण्यासारखे काही आहे का? मी ते भाग थोडे घाईने पाहिले, हे मान्य करतो.

*

मृगशीर्ष:

निश्चित आहे. तिसरे पर्व केवळ गाजराच्या नावाने ओळखले जाते, हा त्याच्यावरचा अन्याय आहे. 'द अँटी-मॅटर मॅन' हा भाग शांतपणे, दिवे मालवून पाहा. प्रतिविश्वातला दुष्ट जॉन रॉबिन्सन खऱ्या जॉनची जागा घेतो. दोन्ही भूमिका गाय विल्यम्स यांच्या आहेत. प्रतिविश्व दाखवायला पैसा नव्हता, म्हणून दिग्दर्शक सटन रोली यांनी पार्श्वभूमी काळीभोर ठेवली आणि तिरप्या चौकटींतून, थोड्याशा उजेडात माणसे उभी केली. पहिल्या पर्वातला हरवलेला अंधार इथे रंगांत परत येतो. विल्यम्स हे मालिकेचे नायक म्हणून आले होते आणि त्यांना मागे सरावे लागले. या एका भागात ते आपले सगळे कसब वसूल करतात.

संगीताचा उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले. शीर्षकसंगीत जॉन विल्यम्स यांचे आहे, श्रेयनामावलीत 'जॉनी विल्यम्स' असे लिहिलेले. पहिल्या दोन पर्वांची धून एक, तिसऱ्या पर्वाची दुसरी, आणि दोन्ही त्यांच्याच. 'स्टार वॉर्स'चे संगीत त्यांनी दिले त्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे. तिसऱ्या पर्वात उलटमोजणीच्या आकड्यांबरोबर जी धून उसळते, ती ऐकताना पुढच्या विल्यम्स यांची चाहूल स्पष्ट लागते. पहिल्या दोन पर्वांत दर भागाच्या शेवटी कथा ऐन संकटात गोठवून 'पुढील आठवड्यात, याच वेळी, याच वाहिनीवर' असा जो मजकूर येई, त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंदांचे संगीतही कान देऊन ऐका.

'ओवी' यांच्याशी एका बाबतीत मात्र थोडा मतभेद नोंदवतो. त्या त्रिकुटाने इतरांची जागा घेतली हे खरे, पण ते त्रिकूट रिकामे नव्हते. एक भित्रा, खोटारडा, आळशी म्हातारा. एक हुशार मुलगा, ज्याला त्याचे सगळे दोष ठाऊक आहेत. आणि एक यंत्र, जे दोघांनाही खरे सांगते. विल प्रत्येक वेळी फसतो आणि तरी प्रत्येक वेळी स्मिथला सोडवायला परत जातो. 'इनव्हेडर्स फ्रॉम द फिफ्थ डायमेन्शन' या पहिल्याच पर्वातल्या भागात परग्रहवासीयांना आपल्या निकामी झालेल्या संगणकाच्या जागी बसवायला मेंदू हवा असतो, स्मिथ स्वतःला वाचवण्यासाठी विलला पुढे करतो, आणि विल त्याच्या मोबदल्यात जायला तयार होतो. हॅरिस आणि विलची भूमिका करणारे बिल म्युमी यांच्यातला जिव्हाळा चित्रीकरणाबाहेरही होता, आणि तो अभिनयात उतरला आहे. म्युमी यांच्या चेहऱ्यावर स्मिथविषयी जी काळजी दिसते ती शिकवून येणारी नाही. क्षमा ही गोष्ट इतक्या वेळा, इतक्या सहजपणे करणारा मुलगा मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेला नाही.

यानाची रचना हाही एक स्वतंत्र विषय आहे. बाहेरून 'ज्युपिटर २' पाहिले तर त्यात जेमतेम एक मजला मावेल. आत मात्र दोन मजले, झोपण्याच्या खोल्या, प्रयोगशाळा, शिवाय चॅरियटही, आणि तिसऱ्या पर्वात एक छोटे उपयानसुद्धा. चाहत्यांनी याचे नकाशे काढून हिशेब जुळवण्याचे प्रयत्न केले आहेत. मला त्यात चूक शोधण्यापेक्षा, त्या वरच्या मजल्याच्या रुंद खिडकीसमोर उभे राहून बाहेर पाहावे असे वाटायला लावणारी ती जागा किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कशी साधली, याचे कौतुक जास्त आहे.

*

जुनीफीत:

'मृगशीर्ष' यांनी विल आणि स्मिथबद्दल जे लिहिले, त्याला एक जोड. २०१८ साली ही मालिका नव्याने बनली तेव्हा पहिल्या पर्वात मूळ डॉ. झॅकरी स्मिथ म्हणून क्षणभर जो गृहस्थ दिसतो, ज्याची ओळख चोरून नवी स्मिथ यानात शिरते, ती भूमिका बिल म्युमी यांनी केली आहे. ज्या मुलाने तीन पर्वे त्या माणसाला सोडवले, त्याने अखेर त्याचे नाव धारण केले. हॅरिस तोवर हयात नव्हते. त्यांचे निधन २००२ साली झाले. तो प्रसंग काही क्षणांचा आहे, पण मूळ मालिका पाहिलेल्यांना तो सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

*

शुक्रोदय (धागाकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'अँटी-मॅटर मॅन' पुन्हा पाहिला. त्या काळ्या पोकळीतला उजेडाचा एकच पट्टा आणि त्यात उभा असलेला बाप मी पहिल्यांदा अक्षरशः न पाहताच पुढे गेलो होतो.

माझे मत आता पुष्कळसे ठरले आहे. मला जी दोन वेगळ्या माणसांची कामे वाटत होती, ती एकाच चमूची होती, आणि गाजराच्या भागातही पहिल्या पर्वातली निष्ठा शाबूत होती. मला खरा सल राहिला आहे तो शेवटाचा. ६ मार्च १९६८ रोजी शेवटचा भाग भंगाराच्या ग्रहावर संपतो आणि त्यानंतर काहीच नाही. मालिका बंद झाली, समारोपाचा भाग झालाच नाही. ना अल्फा सेंटॉरी, ना पृथ्वी. त्या कुटुंबाला कोणी घरी आणले नाही.

काल रात्री मुलीला 'मिस्टर नोबडी' दाखवला. शेवटी तो आवाज आकाशात निघून जातो तेव्हा ती काही बोलली नाही. झोपायला जाताना तिने विचारले, की पेनीचे म्हणणे घरच्यांनी आधीच नीट का ऐकून घेतले नाही. उद्या 'मॅजिक मिरर' लावणार आहे.